तिच्या हौसेचा हिशेब

(पडद्यावर : अलाबामा राज्यातलं सेल्मा गाव. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

पहाटेचे साडेतीन. श्रीमती सिल्व्हेस्टर स्मिथ कामावर हजर झाल्या आहेत. रांधायचं त्यांनीच आणि गिऱ्हाइकांना वाढायचंही त्यांनीच. सुटी दुपारी बाराला. आठवडाभर राबून हातात पडतात 16 ते 20 डॉलर. घरी चार मुलं, थोरलं 14 वर्षांचं, धाकटं 9. बापाचा आधार एकालाही नाही.

साल 1966. आदल्याच वर्षी याच गावच्या पुलावर मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी लाठ्यांनी झोडपलं होतं आणि ते जगानं टीव्हीवर पाहिलं होतं. स्मिथबाईंच्या घरात जे घडलं ते मात्र सरकारी फायलीत घडलं. गरीब मुलांसाठी मिळणारी सरकारी मदत ऑक्टोबरात बंद झाली. कारण काय, तर शनिवार-रविवारी त्यांच्याकडे एक पुरुष येतो.

अलाबामाचा नियमच तसा होता. आईचा एखाद्या पुरुषाशी संबंध असेल, तर तो तिच्या मुलांचा 'पर्यायी बाप'. बाप आहे म्हटल्यावर मदत कशाला? हा गृहस्थ त्या घरात राहत नव्हता, चारांपैकी एकाही मुलाचा बाप नव्हता, त्याची स्वतःची बायको आणि नऊ मुलं होती. मुलांना पोसायची कायद्यानं त्याच्यावर जबाबदारी नव्हती आणि त्याची ऐपतही नव्हती. सरकारला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं.

संबंध संपला म्हणून सांगायचं, तर नुसत्या शब्दावर भागत नसे. निदान दोन साक्षीदार लागत. कोण चालेल याची उदाहरणं सरकारी नियमावलीतच दिली होती : पोलीस, पाद्री, शेजारी, किराणा दुकानदार. म्हणजे चार मुलांच्या आईनं वाण्याच्या दुकानात जाऊन म्हणायचं, दादा, माझ्याकडे आता कुणी येत नाही, एवढं लिहून द्या.

(पडद्यावर : आकडे, एकाखाली एक.)

1964 च्या मध्यापासून 1967 च्या जानेवारीपर्यंत अलाबामात सुमारे 20,000 जणांची मदत गेली. त्यांत सुमारे 16,000 मुलं होती.

स्मिथबाईंना सुटका सोपी होती. त्याला येऊ नको म्हणायचं आणि मदत पुन्हा सुरू करून घ्यायची. त्या कोर्टात गेल्या. 17 जून 1968 रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं हा नियम रद्द ठरवला. निकाल सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी लिहिला. आईच्या वागणुकीची शिक्षा म्हणून गरजू मुलांच्या तोंडचा घास काढता येणार नाही, हे त्याचं सार.

वकील मंडळी हा खटला सामाजिक सुरक्षा कायद्याचा अर्थ लावणारा म्हणून वाचतात. तो तसा आहेच. पण आम्हाला त्यात एक राबणारी आई दिसते. आठवड्यातले दोन दिवस तिला कुणाच्या तरी सोबतीनं बरं वाटत होतं आणि ते बरं वाटणंच तिच्यावरचा आरोप होता. 'आनंद ही निवड असते' असं वाक्य हल्ली चहाच्या कपावरसुद्धा छापलेलं मिळतं. ते आम्हाला फारसं पटत नाही. निवडीची किंमत कुणाला किती मोजावी लागते, ते कपावर छापलेलं नसतं.

(पडद्यावर : प्रचारसभा, 1976.)

नियम गेला, संशय राहिला. 1976 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठीच्या प्रचारात रोनाल्ड रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले. ढीगभर खोटी नावं, ढीगभर पत्ते आणि सरकारी पैशावर चैन. बाई खरी होती, तिचे गुन्हेही खरे होते. पण त्यातून 'वेल्फेअर क्वीन'ची, म्हणजे सरकारी मदतीवर मजा मारणाऱ्या राणीची, जी प्रतिमा उभी राहिली, ती लाखो प्रामाणिक आयांच्या माथी बसली, त्यातही कृष्णवर्णीय आयांच्या. मग गरीब बाईच्या हातात चांगली पर्स दिसली तरी लोक मनातल्या मनात हिशेब मांडू लागले.

आजचे नियम असा हिशेब लेखी मांडतात. अमेरिकेतल्या सरकारी अन्नमदतीच्या कार्डावर डायपर मिळत नाहीत, साबण मिळत नाही, दुकानातली गरम भाजलेली कोंबडी मिळत नाही. वाढदिवसाचा केक बहुतेक राज्यांत मिळतो, पण त्यावरच्या न खाण्याजोग्या सजावटीची किंमत एकूण किमतीच्या निम्म्याहून जास्त नको. फुगे आणि मेणबत्त्या स्वतःच्या खिशातून.

(पडद्यावर : मिसिसिपी राज्याची राजधानी जॅक्सन. रस्ते, वसाहती.)

हौसेला मोल नसतं म्हणतात. मिसिसिपीत ते सरकारनं ठरवून दिलं होतं. तीन माणसांच्या कुटुंबाला रोख मदत मिळायची महिना जास्तीत जास्त 170 डॉलर. त्यात घरभाडंही आलं आणि हौसही. 2021 मध्ये हा आकडा 260 झाला.

याच गरिबांच्या निधीतले किमान 7 कोटी 70 लाख डॉलर भलतीकडेच गेल्याचं राज्याच्या लेखापरीक्षणात निघालं. एका विद्यापीठाच्या व्हॉलीबॉल स्टेडियमला 50 लाख गेले. एका माजी कुस्तीपटूचे मालिबूच्या आलिशान व्यसनमुक्ती केंद्रातले उपचारही यातूनच झाले. ही मदत वाटणाऱ्या खात्याच्या माजी प्रमुखानं 2022 मध्ये गुन्हा कबूल केला. हा प्रकार वर्षानुवर्षं चालला होता, आणि त्याच काळात अर्ज करणारी आई एकेका कागदासाठी खेटे घालत होती.

त्याच 2022 च्या ऑगस्टमध्ये पर्ल नदीला पूर आला आणि जॅक्सनचं मुख्य जलशुद्धीकरण केंद्र कोलमडलं. शहराची वस्ती सुमारे दीड लाख, त्यांतले दहापैकी आठ कृष्णवर्णीय. पाणी उकळून घ्या, ही सूचना पूर येण्याआधीपासूनच लागू होती. आता नळाला धारच नव्हती. आरोग्य अधिकारी सांगत होते, अंघोळ करताना तोंड मिटून ठेवा. मोठ्या माणसाला हे जमेल. दोन वर्षांचं पोर अंघोळीला बसलं की पाणी तोंडात घेऊन पिचकारी मारतंच.

मुळात मूल होणंच इथे जोखमीचं. 2023 मध्ये अमेरिकेत एक लाख जिवंत जन्मांमागे 50.3 कृष्णवर्णीय मातांचा मृत्यू झाला, गोऱ्यांमध्ये 14.5.

(पडद्यावर : वसाहतीतलं मैदान, सायकली, घोळक्यानं खेळणारी मुलं.)

याच जॅक्सनमध्ये आयेशा न्यांडोरो यांची 'स्प्रिंगबोर्ड टू अपॉर्च्युनिटीज' ही संस्था सरकारी अनुदानाच्या वसाहतींमध्ये काम करते. तुम्हाला काय हवंय, असं त्यांनी तिथल्या आयांनाच विचारलं. उत्तर सरळ होतं : रोख पैसे. 2018 च्या अखेरीस 'मॅग्नोलिया मदर्स ट्रस्ट' सुरू झाला. पहिल्या तुकडीत 20 कृष्णवर्णीय आया होत्या. प्रत्येकीला महिना 1000 डॉलर, सलग 12 महिने. अट नाही, पावती नाही.

पैसे गेले कुठे? आधी कर्जात. इथल्या गल्लोगल्लीच्या सावकारी दुकानांतून पगारापुरतं उचललेलं कर्ज वार्षिक हिशेबानं शेकडो टक्क्यांवर जातं. मग गाडीची दुरुस्ती, कुणाचं अर्धवट राहिलेलं शिक्षण. आणि मुलांचे वाढदिवस, सहली, एखादं बाहेरचं जेवण. न्यांडोरो या शेवटच्या खर्चांबद्दल सारवासारव करत नाहीत. आई खुशीत असणं हेही त्यांच्या लेखी कामाचंच फळ. आम्हाला त्यांची ही बाजू सगळ्यात महत्त्वाची वाटते. एरवी देणग्यांच्या अहवालांत गरीब आई कायम वह्या आणि दूधच विकत घेत असते.

महाराष्ट्रात 'लाडकी बहीण'चे 1500 रुपये खात्यात येऊ लागल्यावर, बाया ते कशावर उडवतात याची चर्चा आपल्याकडेही कमी झाली नाही. योजनेवर बोलायला पुष्कळ आहे. पण कुणी साडी घेतली, यावरून ती मोजायची?

जॅक्सनमधलंही सगळं गोड मात्र नाही. खात्यात हजार डॉलर आले की उत्पन्न वाढलं, असं सरकारी खाती धरतात आणि अन्नमदत कापली जाऊ शकते. वर्षानं हप्तेही थांबतात. एक संस्था किती आयांना पुरणार?

सरकार पुरं पडू शकतं, हे 2021 मध्ये दिसलं. जुलै ते डिसेंबर अमेरिकेनं बहुतेक आईबापांना दर मुलामागे महिना 250 ते 300 डॉलर थेट दिले. खाणंपिणं, भाडं आणि सरकारी मदत धरून काढलेला बालदारिद्र्याचा दर त्या वर्षी 5.2 टक्क्यांवर आला. संसदेनं मुदत वाढवली नाही. काम करण्याची अट घाला, असा मुदतवाढीला विरोध करणाऱ्यांतल्या अनेकांचा आग्रह होता. 2022 मध्ये दर 12.4 टक्के झाला.

जॅक्सनच्या पुढच्या तुकड्यांनाही हजार डॉलरच मिळाले, पावतीशिवाय.