कापसाच्या खोलीतली शकुंतला
(लघुपटाचं निवेदन)

[रुळाच्या उंचीवरून. इंजिन कॅमेऱ्याकडे येतंय. चाकांचा बारीक आवाज.]

हे इंजिन तळहातावर मावतं. मागे तीन डबे आहेत, तेही तसलेच. रुळाकडेची काळी माती मात्र खरी आहे, दर्यापूर तालुक्यातल्या शेतातली.

गाडीचा वेग बघा. तो मुद्दाम एवढाच ठेवलाय. शकुंतला, म्हणजे वऱ्हाडातली जुनी छोटी रेल्वे, ताशी वीसेक किलोमीटरनं जायची. तिला ८७ पट लहान केलं, तसा वेगही उतरवला. सेकंदाला जेमतेम साडेसहा सेंटिमीटर. चार फुटांचा एक फळा, म्हणजे रूळ बसवलेली प्लायवूडची पाटी, ओलांडायला तिला वीसेक सेकंद लागतात. नव्या पोरांना तेवढा दम निघत नाही. कुणी बटण जरा जास्त फिरवलं, की कोपऱ्यातून आवाज आलाच.

[कोपऱ्यात खुर्चीवर मामा. मूळ आवाज: "हळू चालव बे! शकुंतला हाये थे, राजधानी नाई!"]

मामा रेल्वेत गँगमन होते, रुळांची देखभाल करणारे. नोकरी सगळी याच लाइनीवर गेली. रेल्वेची छोटी मॉडेलं करणाऱ्या या क्लबात शाळेतले विज्ञानाचे सर आहेत, मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा भाऊ आहे, गावातले मिस्त्री आहेत, कॉलेजात जाणाऱ्या दोघी बहिणी आहेत. पण गाडी किती पळवायची, हे मामा ठरवतात.

[शीर्षक]

[मुर्तिजापूर. गवतात बुडालेले अरुंद रूळ. मागून मोठ्या लाइनीवरची एक्स्प्रेस धडधडत जाते.]

वऱ्हाडात शकुंतला कोण ते सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी थोडक्यात. मुर्तिजापूर हे मुंबई-नागपूर मोठ्या लाइनीवरचं स्टेशन. इथून एक छोटी लाइन उत्तरेला अचलपूरपर्यंत जायची, ७६ किलोमीटर. दुसरी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. दोन रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. किलिक-निक्सन या इंग्रज कंपनीनं १९१० मध्ये सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली, ती वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस छोट्या गाडीनं मुर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला, आणि मुंबईहून बोटीनं मँचेस्टरला.

[जुना फोटो, वाफेचं इंजिन. कॅमेरा हळूहळू जवळ.]

इंजिनही मँचेस्टरचंच होतं. १९२१ साली बांधलेलं. १९२३ पासून ते या लाइनीवर राबलं, ते थेट १५ एप्रिल १९९४ पर्यंत. मधल्या काळात देश स्वतंत्र झाला, रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, तरी ही लाइन कंपनीच्याच नावावर राहिली. रूळ कंपनीचे, गाडी चालवायची भारतीय रेल्वेनं. १९९४ नंतर डिझेल आलं. आता गाडी बंद आहे, ब्रॉडगेजला २०१६ मध्ये मंजुरी मिळालेली आहे, आणि लोक एसटी नाहीतर काळीपिवळी धरतात.

[बंद स्टेशन. दोघी बहिणी टेप धरून भिंत मोजतायत. एकीच्या वहीत आकडे.]

हे दर्यापूरचं स्टेशन, रेल्वेच्या लेखी बनोसा. क्लबाचं खरं काम इथं सुरू होतं. दाराची उंची, खिडकीची रुंदी, फलाटाचा उतार, तिकीट खिडकीचं भोक, सगळं वहीत. छतापर्यंत टेप पोचत नाही, तिथं विटांचे थर मोजायचे. थोरली बहीण भिंतीला टेकवून एक काठी धरते. काठीवर दर दहा सेंटिमीटरला आलटून पालटून लाल-पांढरा पट्टा. धाकटी फोटो काढते. घरी जाऊन त्या पट्ट्यांवरून बाकीची मापं निघतात. नऊ इंची वीट ८७ पट लहान झाली, की अडीच मिलिमीटरच्या जरा वर राहते. सात फुटी दार बोटाच्या एका पेराएवढं.

हे मोजमाप गाडी चालू असतानाच कुणीतरी करून ठेवायला हवं होतं. आता कौलं सरकली आहेत, एका खिडकीची चौकट गेली आहे. धाकटीनं वहीत त्या जागी प्रश्नचिन्ह टाकलंय. मामांना विचारून ते भरायचं.

[मामा वही डोळ्यांजवळ धरून. पेन्सिलीनं काहीतरी काढतात.]

[खोली. रिकामा फळा, त्यावर पेन्सिलीच्या रेघा.]

आता रूळ. मॉडेल रेल्वेच्या जगात मापं ठरलेली असतात. जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे एकास ८७. यात गाड्या साडेसोळा मिलिमीटरच्या रुळावर धावतात. हे माप परदेशातल्या स्टँडर्ड गेजवरून, म्हणजे तिकडच्या दोन रुळांतल्या नेहमीच्या अंतरावरून आलेलं. आपली मोठी लाइन १६७६ मिलिमीटरची. हिशेबानं तिला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. तसा रूळ बाजारात मिळत नाही. म्हणून भारतात एचओ खेळणारे बहुतेक सगळे साडेसोळावरच आपली राजधानी, आपली मालगाडी चालवतात आणि त्याबद्दल फार बोलत नाहीत.

शकुंतलेचं नशीब इथं बरं निघालं. ७६२ भागिले ८७ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर. आणि एन नावाचं जे त्याहून छोटं माप आहे, त्याचा तयार रूळ असतो नऊ मिलिमीटरचा. पाव मिलिमीटरचा फरक. तो मामांनाही दिसला नाही.

[जवळून: कटर, स्लीपर, चिमटा.]

त्यांना दिसले ते स्लीपर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्या. एनच्या रुळाचे स्लीपर त्या छोट्या मापाच्या हिशेबानं केलेले असतात, बारीक आणि दाट. एचओच्या डब्यांखाली ते कंगव्यासारखे दिसतात. मामांनी पहिल्याच दिवशी बोट ठेवलं: एवढे स्लीपर या लाइनीला कधी नव्हतेच. मग एकाआड एक कापायचे ठरलं. उरलेले सरकवून अंतर सारखं करायचं. मिस्त्रींनी त्यासाठी लाकडाची खाचा पाडलेली पट्टी करून दिली. पट्टी रुळाखाली धरली की प्रत्येक स्लीपर आपापल्या खाचेत बसतो. आणि जे काही चुकतं ते मातीगवतात झाकलं जातं. शकुंतलेच्या रुळांवर गवत होतंच, त्यामुळे इथं कुणी नावं ठेवणार नाही.

[चाळणी. काळी माती. त्यावरून फिरणारं लोहचुंबक.]

ही माती नीट बघा. शेतातली ढेकळं उन्हात वाळवली, फोडली, आधी चाळणीनं चाळली, मग सुती कापडातून. आता सर त्यावरून लोहचुंबक फिरवतायत. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलंय. पिशवीला खाली हे काळे केस चिकटलेले दिसतात ना, ते लोहयुक्त कण. आपली काळी माती बेसॉल्ट खडक झिजून झालेली, तिच्यात ते असतातच. इंजिनाच्या मोटारीतही चुंबक आहे. हे कण रुळाशेजारी राहिले, तर मोटार ते ओढून घेते आणि गिअर घासायला लागतात. म्हणून चुंबकाला काही चिकटेनासं होईपर्यंत माती पुन्हा पुन्हा पसरायची.

मग फेव्हिकॉल. निम्मं पाणी, आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे ते मातीत मुरतं. पाणी मात्र जारचं. हा खारपाणपट्टा आहे, जमिनीतलं पाणीच खारट. बोअरचं पाणी घातलं, तर वाळल्यावर काळ्या मातीवर पांढरी खार उठते. खऱ्या शेतातही ती दिसते म्हणा, पण इथं ती पार स्लीपरवर चढते.

[ड्रॉपरनं थेंब थेंब. माती ओली होत जाते.]

कपाशी लावायचं काम मुलींकडे. चार फुटांचं झाड म्हणजे इथं चौदा मिलिमीटर. वाळलेल्या गवताच्या तुऱ्याचे तुकडे, वर हिरवा रंग. बोंडांना आधी रवा वापरला होता. रव्याचा दाणा या मापात फुटलेल्या बोंडाएवढा बरोबर बसतो. पण मुंग्यांनी तीन ओळी रातोरात वेचून नेल्या. आता पांढरी रांगोळी आहे. तिला कुणी खात नाही.

[फळे एकमेकांना जोडले जातात. नट-बोल्ट. तांब्याच्या पट्टीवर सोल्डरचा धूर.]

सगळी शकुंतला या मापात मांडायची, तर दोन किलोमीटरपेक्षा जास्त जागा लागेल. नुसती अचलपूरची बाजूच पावणेनऊशे मीटर. खोली आहे वीस फुटांची. म्हणून लाइन फळ्यांत वाटली. प्रत्येक फळा चार फूट लांब, दीड फूट रुंद, प्लायवूडचा. एकावर मुर्तिजापूर, एकावर बनोसा, एकावर अंजनगाव, मधे शेतं आणि फाटकं. मुर्तिजापूरच्या फळ्यावर मोठी लाइनही आहे आणि दोन्हींच्या मधे गाठी चढवायचा फलाट. प्रत्येक फळ्याच्या दोन्ही टोकांना रूळ ठरलेल्या जागीच संपतो, म्हणजे कुठलाही फळा कुठल्याही फळ्याला जोडता येतो.

टोकाशी रूळ तांब्याच्या पट्टीवर सोल्डर केलाय, उचलताना धक्का लागून हलू नये म्हणून. ते काम रिवाइंडिंगवाल्या भाऊचं. दिवसभर पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी भरणारा माणूस संध्याकाळी डोळ्याला भिंग लावून हे करतो.

दोन फळ्यांच्या मधे रुळात बारीकशी फट दिसते, ती ठेवलेली आहे. जानेवारीतली पहाट आणि मे महिन्यातली दुपार यांत आपल्याकडे तीस अंशांचा तरी फरक. तेवढ्यानं मीटरभर रूळ अर्धा मिलिमीटर वाढतो. वर पावसाळ्यात प्लायवूड फुगतं ते वेगळं. फट किती ठेवायची, हे सरांनी गणित करून सांगितलं. मामांनी पोस्टकार्डाचा तुकडा मधे घातला आणि म्हणाले, एवढी. दोन्ही सारखंच निघालं.

[खोलीचं दार. आत छतापर्यंत कापूस. फळे ओसरीत भिंतीला उभे.]

फळ्यांचं आणखी एक कारण. खोली कापसाची आहे. दिवाळीच्या सुमारास वेचा घरात यायला लागला, की शकुंतला बाहेर. भाव मिळेपर्यंत कापूस आत आणि गाडी ओसरीत, चादरीखाली. कुणाची तक्रार नाही. ज्याच्यासाठी लाइन टाकली, त्या कापसाचा मान पहिला.

[जवळून: डब्याच्या आसावरून चिमट्यानं काढलेला पांढरा धागा.]

खोली झाडून घेतली तरी तंतू उरतात. हे आसाभोवती गुंडाळले जातात, गिअरमध्ये जातात, आणि गाडी अडखळते. म्हणून हंगामानंतरच्या पहिल्या बैठकीत गाडी चालतच नाही. सगळे डबे उलटे ठेवून भिंग आणि चिमटा. रूळ स्पिरिटच्या फडक्यानं पुसायचे. कारण गाडीला वीज रुळातूनच मिळते. एक रूळ धन, दुसरा ऋण, बारा व्होल्ट. धूळ बसली की गाडी जागच्या जागी उभी.

वीज जाते, तेव्हाही गाडी चालते. बारा व्होल्ट म्हणजे ट्रॅक्टरची बॅटरी. मधे एक फ्यूज टाकायचा, बस.

[संध्याकाळ. सगळे फळे जोडलेले. खोलीत गर्दी.]

आज पूर्ण लाइन लागली आहे. डबे घरचेच, कारण शकुंतलेचे डबे कुठली कंपनी बनवत नाही. खाली एन मापाची तयार चाकं, वर प्लास्टिक शीट कापून चिकटवलेली डब्याची पेटी. खिडक्यांचे गज मोटारीच्या तांब्याच्या तारेचे. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे बदलायला फळ्याखालून सायकलच्या चाकाच्या तारा ओढल्यात.

चालवायचे नियम शकुंतलेचेच. एका वेळी लाइनीवर एकच गाडी. ड्रायव्हर बटणापाशी बसतो, गार्ड गाडीसोबत फळ्याच्या कडेनं चालतो. फाटक आलं की गाडी थांबते. गार्ड बोटानं फाटक लावतो, गाडी पुढं जाते, पुन्हा थांबते, गार्ड फाटक उघडतो. खऱ्या गाडीचंही शेवटच्या काळात असंच होतं, फाटक लावायला गाडीतलाच माणूस उतरायचा. गार्ड व्हायला पोरांची रांग लागलेली असते.

[लहान मुलगा फाटक लावतो. गाडी जाते. मुलगा धावत पुढच्या फाटकाशी. दहा सेकंद निवेदन नाही.]

पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. एकाच मोठ्या मांडणीवर कितीतरी गाड्या धावतात, दिवे लागतात, सिग्नल पडतात. क्लबातल्या सगळ्यांनी ते पाहिलंय. नागपुरात मोतीबागला नॅरोगेजचं रेल्वे संग्रहालय आहे, २००२ पासून. तिथं खरी इंजिनं हात लावून बघता येतात. या खोलीत तसलं भव्य काही नाही. पण बनोसाच्या तिकीट खिडकीचं माप हवं असेल, तर ते या वहीत आहे.

[वहीची पानं. रेखाटनं, आकडे, मामांच्या अक्षरातल्या दुरुस्त्या.]

वही आता दुसरी सुरू झाली आहे. पुढचा फळा पूर्णा नदीवरच्या पुलाचा. सर म्हणतात, जागा नाही, तीन गाळ्यांत भागवू. मामांना ते मान्य नाही. पूल कापायचा नसतो, असं त्यांचं म्हणणं, हवं तर फळे वाढवा आणि दार उघडं ठेवून अंगणात काढा. मिस्त्रींनी प्लायवूड आणून ठेवलंय. अंगणात काढायचा झाला, तर पाय कमी-जास्त करता येतील असे घ्यावे लागतील, कारण अंगण उताराचं आहे.

[मिस्त्री अंगणात पाण्याची नळी धरून लेव्हल बघतायत. श्रेयनामावली.]