'मला जमणारच नाही' हे ठरवलं कुणी?

नमस्कार मंडळी, कसे आहात? आज जरा 'मला जमणारच नाही' या वाक्याबद्दल बोलूया. सांगलीत गणपती पेठेतल्या दुकानात ऐका नाहीतर विश्रामबागेतल्या क्लासच्या कट्ट्यावर, हे वाक्य असतंयच, आणि ऐकणारा लगेच काय म्हणतो, "अरे पॉझिटिव्ह विचार कर की!" झालं, विषय संपला. आरशासमोर उभं राहून 'मी भारी आहे' म्हणा असं सांगणारे व्हिडिओ तर मोबाईलवर ढिगानं येतात. मला ते फारसे पटत नाहीत. 2009 साली कॅनडातल्या वॉटर्लू युनिव्हर्सिटीच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून बघितलं, तर ज्यांना मुळातच स्वतःबद्दल कमीपणा वाटतो त्यांना असली वाक्यं घोकून उलट जास्तच वाईट वाटलं. साहजिकच आहे की, मन आतून म्हणतंय 'खोटं बोलतोयस', मग बरं कसं वाटणार?

मग थेरपीत, म्हणजे तज्ज्ञाशी बोलून करायच्या उपचारात, वेगळं काय होतं? समजा तासगावकडची एक ताई आहे, चाळिशीतली, द्राक्षबागेचा अर्धा कारभार तीच बघते, बायकांची हजेरी, फवारणीच्या औषधांची बिलं, व्यापाऱ्याकडनं यायची बाकी, सगळं तोंडपाठ, पण बँकेत जायचं म्हणलं की पोटात गोळा येतो. का? तर 'मी अडाणी, मला चार माणसांत बोलता येत नाही.' थेरपिस्ट तिला 'छे छे, तुम्ही हुशार आहात' असं म्हणत बसत नाही. तो विचारतो, बोलता आलं नाही तर काय होईल? लोक हसतील. हसले तर? म्हणजे मी कुणाच्याच लायकीची नाही. बघा, बँकेची स्लिप राहिली बाजूला आणि खरं दुखणं निघालं. लहानपणी 'तुला काय कळतंय, गप बस' हे इतक्यांदा ऐकलेलं असतं की ते दुसऱ्याचं मत होतं हेच माणूस विसरून जातो.

पुढचं काम वहीत. बँकेत जायच्या आधी लिहायचं, काय होईल असं वाटतंय आणि किती खात्री आहे. ताई लिहिते, हात थरथरेल, मागचे हसतील, खात्री 90 टक्के. आल्यावर लिहायचं खरं काय झालं. हात थरथरला, हे खरं. हसलं मात्र कुणी नाही, काउंटरवरच्या माणसानं मान वरसुद्धा केली नाही, त्याला जेवायची घाई होती! मागच्या आजोबांनी तर हिलाच विचारलं, "बाई, ही तारीख कुठं घालायची?"

आता इथं एक गोम आहे. आजवर ती बँकेत जायची तेव्हा पोराला बरोबर न्यायची, काम झालं की म्हणायची पोरगा होता म्हणून झालं, आणि नाही झालं तर बघा, मी म्हणलं नव्हतं का. म्हणजे काही झालं तरी 'मला जमत नाही' ही समजूत जिंकणारच. म्हणून एकटीनं जायचं, आणि छोट्या कामापासून सुरुवात करायची, एकदम मॅनेजरच्या केबिनमध्ये नाही.

ही पद्धत अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ आरोन बेक यांनी 1960च्या दशकात मांडली, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं दोन्हींवर काम करणारी थेरपी, थोडक्यात सीबीटी म्हणतात. त्याच्याही आधी 1955च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी असंच काम सुरू केलं होतं, आणि त्यांचा किस्सा तर ऐकाच. एकोणीस वर्षांचे असताना हे इतके लाजाळू की मुलींशी बोलायचं म्हणलं तरी घाम. मग न्यूयॉर्कच्या बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर बसलेल्या बायकांशी जाऊन बोलायचं ठरवलं, शंभरेक जणींशी बोलले, भेटायला हो म्हणाली एकच, आणि तीपण आली नाही! पण पोलीसही आले नाहीत आणि भीतीही गेली. (आपल्या आमराई बागेत कुणी हा प्रयोग करू नका, पोलीस खरंच येतील.)

एक मात्र आहे, सगळ्याच अडचणी डोक्यातल्या नसतात. घरात रोज पाणउतारा होत असेल, पैसा नसेल, जातीवरनं कुणी डावलत असेल, तर 'तुझा विचार बदल' म्हणणं हा अन्याय झाला. चांगला थेरपिस्ट आधी हे वेगळं काढतो. आणि झोप उडालीय, जेवण जात नाही, जगावंसं वाटत नाही असं असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा, कधी कधी औषध आणि थेरपी दोन्ही लागतं, त्यात लाज कसली?

सीबीटीला साधारण 12 ते 20 सेशन लागतात, आठवड्याला एक. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये केसपेपर काढून मानसोपचार विभागात विचारता येतं. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोला. खाजगीत गेलात तर शिक्षण काय, रजिस्ट्रेशन आहे का हे बिनधास्त विचारा. आणि चार-पाच वेळा जाऊन नुसते सल्लेच मिळाले, घरी करायला काहीच दिलं नाही, तर तसं तोंडावर सांगा, आणि तरी फरक पडला नाही तर दुसरा थेरपिस्ट बघा.