फुलाआधी मुळे पाहावीत

रोपवाटिकेच्या रांगेत नजर सर्वप्रथम जाते ती पूर्ण फुललेल्या रोपाकडे, आणि बहुतेक वेळा तेच रोप उचलले जाते. पडद्यावर दिसणाऱ्या या दोन शेवंतींपैकी उजवीकडची निवडणे मात्र अधिक योग्य ठरेल. तिच्यावर उमललेली फुले मोजकीच असली, तरी कळ्या भरपूर आणि घट्ट आहेत, खालची पानेही हिरवीगार आहेत आणि फांद्या बुंध्याजवळूनच फुटलेल्या आहेत. डावीकडच्या रोपाचा बहर ओसरू लागला आहे. तो घरी पोहोचेपर्यंत संपत आलेला असेल.

फुलांपेक्षाही अधिक सांगतात ती मुळे. कुंडी आडवी करून, बुंध्याला आधार देत ही जास्वंद अलगद बाहेर काढली, तेव्हा माती जवळपास दिसेनाशी झाली होती. मुळे कुंडीच्या भिंतीलगत फेऱ्या घालत इतकी दाटली होती की कुंडीचा आकारच त्यांनी घेतला होता. अशी मुळे आहे त्याच स्थितीत मोठ्या कुंडीत ठेवली, तरी ती पुष्कळदा त्याच वर्तुळात वाढत राहतात आणि भोवतालच्या नव्या मातीत शिरत नाहीत. म्हणून कडेची मुळे बोटांनी सोडवावी लागतात. गुंता फारच घट्ट असेल, तर धारदार चाकूने तीन-चार उभे छेद द्यावे लागतात. हे पाहताना जीव कासावीस होतो, परंतु छेदाजवळूनच नवी मुळे फुटतात आणि बाहेरच्या दिशेने वाढू लागतात. याच वेळी मुळांची तपासणीही होते: निरोगी मुळे बहुधा पांढरट आणि टणक असतात, तर कुजलेली मुळे काळपट होऊन बोटांत दाबताच त्यांची साल निसटते.

नवी कुंडी आधीच्या कुंडीपेक्षा चार-पाच सेंटिमीटरच रुंद असावी. फार मोठ्या कुंडीत मुळे न पोहोचलेली माती दीर्घकाळ ओली राहते, तिच्यातील हवा कमी होते आणि मुळांना प्राणवायू मिळेनासा होतो. तळाशी खड्यांचा थर दिल्याने निचरा सुधारतो, हा समज फार दृढ आहे. प्रत्यक्षात बारीक मातीतले पाणी भरड थरात सहजासहजी उतरत नाही, आणि तळाची चिंब माती उलट मुळांच्या अधिक जवळ येते. त्यापेक्षा संपूर्ण माती भुसभुशीत असणे आणि कुंडीचे छिद्र मोकळे असणे महत्त्वाचे आहे. पाणी देण्यापूर्वी बोट दोन-तीन सेंटिमीटर मातीत घालून ओल पाहावी. वेळापत्रकानुसार घातलेल्या पाण्याने असंख्य रोपे दगावतात.

आता हे फॅलेनॉप्सिस ऑर्किड पाहा. निसर्गात झाडांच्या फांद्यांना धरून वाढणाऱ्या या वनस्पतीची मुळे उघडी असतात आणि मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण त्यांच्यावर असते. चंदेरी दिसणाऱ्या या मुळांवर पाणी पडताच ते आवरण भिजून पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. मुळे पुन्हा चंदेरी झाली की पाण्याची वेळ झाली, असे समजावे. साध्या मातीत ती गुदमरतात. त्यांना झाडाच्या सालीचे तुकडेच मानवतात.

घरातील उजेडाचा अंदाज डोळ्यांनी घेणे फसवे असते, कारण डोळे मंद प्रकाशाशी चटकन जुळवून घेतात, रोप मात्र तसे घेऊ शकत नाही. पीस लिली सावलीत तगते, परंतु गडद कोपऱ्यात क्वचितच फुलते. शेवंतीला उजेडाइतकाच अंधारही लागतो. गार्नर आणि अलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला संबंध 1920 मध्ये प्रसिद्ध केला. पुढे स्पष्ट झाले की शेवंतीसारख्या वनस्पतींना कळ्या धरण्यासाठी लांब आणि अखंड रात्र आवश्यक असते. त्यामुळे रात्रभर दिवा जळणाऱ्या गच्चीत ठेवलेली शेवंती नुसतीच पानांनी भरते, आणि दोष विनाकारण खताला दिला जातो.

शेवटी ही बोगनवेल. जवळून पाहिल्यास तिचे रंगीत भाग पाकळ्या नसून रूपांतरित पाने आहेत, आणि खरी फुले म्हणजे त्यांच्या मधोमध असलेल्या या तीन लहान, फिकट नळ्या आहेत, हे लक्षात येते. तिला दिवसाचे किमान पाच-सहा तास थेट ऊन हवे, आणि दोन पाण्यांच्या मध्ये माती कोरडी पडू द्यायला हवी. नत्रयुक्त खत जास्त झाले, तर वेल माजते आणि बहर कमी येतो. फुले नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर सरला की लांब फांद्या येथे दाखवल्याप्रमाणे निम्म्याने छाटाव्यात आणि कुंडी भिंतीलगतच्या सावलीतून उन्हात सरकवावी.