डिंकोच्या मागून

(हातांचा क्लोजअप. संगीत नाही, फक्त कापडाचा आवाज.)

आधी अंगठा. अंगठ्यात अडकवलेली बँडेजची पट्टी मनगटाला वेढे घेते, तळहातावरून वर येते आणि बोटांच्या मुळाशी, जिथे ठोसा बसतो तिथे थर चढवत जाते. घट्ट झाली तर बोटं बधिर होतात, सैल राहिली तर मनगट मुरगळतं. साडेचार मीटरची पट्टी. नवीन पोरं ती दोनदोनदा सोडून पुन्हा बांधतात. ही मुलगी खाली बघतही नाही. तिची नजर समोरच्या भिंतीवर, एका जुन्या फोटोवर आहे.

(भिंतीवरचा फोटो. कॅमेरा हळूहळू जवळ.)

डिंको सिंग. न्गांगोम डिंको सिंग, मणिपूरचा बॉक्सर. जन्म १९७९ चा, गाव इम्फाळजवळचं सेक्ता. घरात इतकी ओढाताण की हा मुलगा अनाथाश्रमात वाढला. क्रीडा प्राधिकरणाच्या, म्हणजे 'साई'च्या प्रशिक्षकांनी त्याला तिथून उचलला आणि सराव सुरू केला. दहा वर्षांचा असताना अंबाल्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो त्याच्या वयोगटात जिंकला. दहाव्या वर्षी! ज्या वयात मुलाला आई-बापाच्या मागे लपता येतं, त्या वयात हा दोरखंडांच्या आत एकटा उभा होता.

१९९८ चा डिसेंबर. बँकॉकचे आशियाई खेळ. संघ जाहीर झाला तेव्हा डिंकोचं नाव त्यात नव्हतं. मागाहून त्याला घेतलं. वजनगटही नवा, ५१ किलोतून तो नुकताच ५४ किलोत आला होता. उपांत्य फेरीत समोर थायलंडचाच सोंताया वोंगप्रातेस, म्हणजे यजमानांचा लाडका, जगातल्या पहिल्या तिघांतला. अख्खं प्रेक्षागृह एकीकडे आणि डिंको एकीकडे. डिंकोने त्याला हरवलं. अंतिम फेरीत उझबेकिस्तानचा तिमूर तुल्याकोव. त्या लढतीत चौथ्या राउंडनंतर तुल्याकोव पुढे लढायला उठलाच नाही.

१९८२ च्या दिल्लीतल्या कौर सिंगनंतर, तब्बल १६ वर्षांनी, आशियाई खेळांत बॉक्सिंगचं सुवर्णपदक भारताकडे आलं होतं. देशाने टाळ्या वाजवल्या, अर्जुन पुरस्कार दिला आणि पुन्हा क्रिकेट लावलं. मणिपूरमध्ये मात्र पोरांनी ग्लोव्ह्ज शोधायला सुरुवात केली.

(पहाट. मैदानाला फेऱ्या मारणाऱ्या मुली. धुकं.)

त्यांच्यातच एक शेतमजुराची मुलगी होती. कांगाथेई गावची. भालाफेक करायची, ४०० मीटर धावायची. डिंकोचं पदक पाहून तिने भाला ठेवला आणि बॉक्सिंग धरलं, घरच्यांना न सांगता. २००० साली ती राज्य स्पर्धा जिंकली, वर्तमानपत्रात फोटो छापून आला आणि वडिलांना तेव्हा कळलं. ते रागावले. चेहऱ्याला मार लागला तर लग्न कसं व्हायचं, ही त्यांची काळजी. आपल्याकडे कुठल्या बापाला ती वाटली नसती?

मेरी कोम. सहा वेळा जगज्जेती. जुळ्या मुलांच्या जन्मानंतर २००८ मध्ये पुन्हा जगज्जेती. लंडन ऑलिम्पिकमध्ये, २०१२ साली, महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा आलं तेव्हा तिथे सगळ्यांत हलका गट ५१ किलोचा होता. मेरीची कारकीर्द गेलेली ४६ आणि ४८ किलोत. तिने वजन वाढवलं, आपल्याहून उंच आणि थोराड मुलींशी भिडली आणि कांस्यपदक घेऊन आली. तिच्या चाहत्यांना विचारा, गुण कुणालाच आठवत नाहीत. आठवतं ते तिचं आत शिरणं. समोरचीचे हात लांब असतील तर लांब राहून मारच खायचा असतो. मेरी ठोशाखालून वाकून आत जायची, दोन-तीन ठोसे द्यायची आणि समोरची सावरेपर्यंत बाहेर पडलेली असायची. बुटक्या मुलींनी हे पुन्हा पुन्हा पाहून पाठ केलं आहे. बघा.

(स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत. निवेदन थांबते. सुमारे १५ सेकंद.)

आता आसाम. गोलाघाट जिल्ह्यातलं बारो मुखिया गाव. एका घरात वडिलांनी मिठाई आणली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. धाकटीने मिठाईआधी कागद वाचायला घेतला. त्यावर मोहम्मद अली यांच्याविषयी छापलेलं होतं. रोममध्ये १९६० साली ऑलिम्पिक सुवर्ण जिंकणारे अली. युद्धावर जायला नकार देऊन जगज्जेतेपद गमावलेले आणि १९७४ मध्ये किन्शासाला ते पुन्हा मिळवणारे अली. त्या मुलीने वडिलांना विचारलं आणि वडिलांनी सगळं सांगितलं. तिच्या दोघी मोठ्या बहिणी मुए थाई, म्हणजे थायलंडचं किकबॉक्सिंग शिकायच्या, तीही शिकली. पुढे २०१२ मध्ये साईचे प्रशिक्षक पदुम बोरो यांनी तिला बॉक्सिंगमध्ये आणलं. ती लवलिना बोर्गोहेन.

(रिंगचा मधला भाग. निकालाची वाट पाहणाऱ्या दोघी.)

क्रिकेटमध्ये बाद झालेला फलंदाज मान खाली घालून निघून जाऊ शकतो. बॉक्सरला ती सोय नाही. तो मधोमध उभा असतो, रेफरीने दोघांचीही मनगटं धरलेली असतात, आणि सगळ्यांसमोर हात दुसऱ्याचा वर जातो.

टोकियो ऑलिम्पिक, २९ जुलै २०२१. मेरी कोलंबियाच्या इंग्रित व्हॅलेन्सियाकडून हरली, ३-२, म्हणजे पाच पंचांपैकी तिघांचा कौल व्हॅलेन्सियाला. चार मुलांची आई, वय ३८. हात व्हॅलेन्सियाचा वर गेला. मेरीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि चेहऱ्यावर हसू. तिने पुढे होऊन व्हॅलेन्सियाला मिठी मारली. मला विचाराल तर मेरीच्या सहा सुवर्णपदकांशेजारी ही मिठीसुद्धा मांडून ठेवावी.

दुसऱ्या दिवशी लवलिना चिनी तैपेईच्या, म्हणजे तैवानच्या चेन निएन-चिनसमोर उतरली. हिच्याकडून ती आधी हरलेली होती. या वेळी निकाल ४-१, लवलिनाच्या बाजूने. पदक नक्की झालं.

हे पाहायला डिंको नव्हता. यकृताच्या कर्करोगाने १० जून २०२१ रोजी तो गेला, अवघ्या ४२ व्या वर्षी.

(गावाचा रस्ता. पाऊस.)

लवलिनाच्या घराकडे जाणारा हा रस्ता तोवर कच्चा होता, पावसाळ्यात नुसता चिखल. ती टोकियोत लढत होती तेव्हा इथे रस्त्याचं काम सुरू झालं.

(पुन्हा हॉल. दुसऱ्या हातालाही पट्टी. ग्लोव्ह्ज चढतात. घंटा.)