आधी जेवण, मग नाव

ग्रीसमधल्या इथाका बेटावरचा वाडा. दारात एक परका माणूस उभा आहे, हातात कांस्याच्या पात्याचा भाला. पाहुण्याला दारात ताटकळत ठेवणं ही घराची नाचक्की, म्हणून राजपुत्र टेलेमाकस स्वतःच उठून लगबगीनं येतो. त्याचा उजवा हात हातात घेतो, भाला आपल्याकडे घेतो आणि खांबापाशी, घरचे भाले ठेवायच्या जागी नेऊन ठेवतो.

नीट पाहा: स्वागत झालं आणि हत्यारही बाजूला गेलं.

मग खुर्चीवर तागाचं वस्त्र, पाय टेकायला चौरंग. दासी सोन्याच्या झारीतून हातांवर पाणी घालते, खाली चांदीचं तस्त. भाकरी येते, मांस येते, वाइन येते. पोट भरल्यावरच विचारायचं: आपण कोण, कुठले?

प्राचीन ग्रीक कवी होमरच्या 'ओडिसी' या महाकाव्यात दिसणाऱ्या या पाहुणचाराच्या रीतीचं नाव झेनिया. परका, पाहुणा, यजमान, तिघांनाही ग्रीक भाषेत एकच शब्द: झेनोस. आणि या रीतीचा राखणदार खुद्द देवांचा राजा झ्यूस.

या क्रमातच रीतीचा जीव आहे. नाव आधी विचारलं आणि ते वैऱ्याच्या घराण्याचं निघालं, तर वाढणार कसं? एकडोळा राक्षस पॉलिफेमस नेमकं तेच करतो. दिसताक्षणी 'कोण तुम्ही?' विचारतो आणि पाहुण्यांनाच खातो.

आग्रहालाही मर्यादा होती. जाऊ पाहणाऱ्याला अडवणं आणि राहू पाहणाऱ्याला घालवणं, स्पार्टाचा राजा मेनेलाउस दोन्ही सारखंच वाईट मानतो. तो टेलेमाकसला तीन घोडे आणि रथ देऊ करतो. इथाकात कुरणं नाहीत, असं सांगून टेलेमाकस मोकळेपणानं नको म्हणतो. मग त्याला सोनेरी काठाचं चांदीचं पात्र मिळतं.

पाहुणा-यजमानाचं हे नातं पुढच्या पिढ्यांकडे जाई. पुढे पुढे ओळख पटवायला घोट्याच्या हाडाचे दोन तुकडे करत, एकेक दोघांकडे. हे सिम्बोलॉन, 'सिम्बॉल' हा शब्द त्यातूनच आला.

रणांगणात मात्र नाव आधी. ट्रॉयच्या युद्धात ग्रीक योद्धा डायोमिडीज शत्रूपक्षातल्या ग्लाउकसला कूळ विचारतो आणि कळतं, याच्या आजोबांना आपल्या आजोबांनी २० दिवस घरी ठेवून घेतलं होतं. डायोमिडीज आपला भाला जमिनीत रोवतो. दोघं रथांतून उतरून हात मिळवतात आणि चिलखतं बदलतात: ग्लाउकसचं सोन्याचं, १०० बैलांच्या मोलाचं, डायोमिडीजचं कांस्याचं, ९ बैलांचं.