पिएता: मेरीच्या वस्त्राकडे बघताना

(दृश्य: संपूर्ण शिल्प, समोरून)

मायकेलअँजेलोच्या 'पिएता' या संगमरवरी शिल्पात क्रुसावरून उतरवलेला मृत येशू आईच्या, मेरीच्या मांडीवर आहे. शिल्पासमोर आलेल्या माणसाची नजर आधी मेरीच्या चेहऱ्यावर जाते. आपण जरा खाली उतरू, तिच्या वस्त्राकडे. या शिल्पातली सगळ्यात अवघड कामगिरी त्या वस्त्रावर सोपवलेली आहे.

१४९८ सालची गोष्ट. रोममध्ये राहणारे फ्रेंच कार्डिनल (कॅथलिक चर्चमधले वरिष्ठ धर्मगुरू) जाँ द बिल्हेर यांनी मायकेलअँजेलोला हे काम दिलं. त्याचं वय तेव्हा २३. त्याच्यासाठी हमी देणाऱ्या जाकोपो गाल्लीनं करारातच लिहून दिलं, की रोममधलं सर्वांत सुंदर संगमरवरी काम हे असेल. दगड आला इटलीतल्या कॅराराच्या खाणीतून.

मृत येशू आणि आई हा विषय जर्मनी-फ्रान्सकडे आधीपासून रुळलेला होता. तिकडच्या अनेक मूर्तींत येशूचा देह आईच्या मांडीवर आडवा, ताठ पडलेला असतो आणि दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. अडचण उघड आहे: वाढत्या वयाचं मूल मांडीवर मावेनासं होतं, इथे तर पूर्ण वाढलेला पुरुष आहे.

(दृश्य: गुडघ्यांवरच्या चुण्या, जवळून)

मायकेलअँजेलोनं मेरीलाच मोठं केलं. शिल्पाची उंची १७४ सेंटीमीटर, आणि ती बसलेली आहे. उठून उभी राहिली, तर मुलापेक्षा कितीतरी उंच भरेल. तरी ते खटकत नाही, कारण तिचं डोकं त्याच्या डोक्याएवढंच ठेवलंय आणि बाकीची सगळी वाढ कपड्याच्या घोळात लपवलीय. गुडघे फाकलेले आहेत, त्यांच्यामध्ये खोल, सावलीनं भरलेल्या चुण्या आहेत. वर निमुळतं, खाली पसरत जाणारं हे वस्त्र येशूच्या देहाला बैठक देतं. त्या दाट चुण्यांच्या शेजारी त्याची गुळगुळीत, झिलई दिलेली कांती अधिकच उघडी वाटते.

(दृश्य: मेरीचा उजवा हात)

आता इथे थांबा. मेरीचा उजवा हात त्याच्या काखेखाली आहे. पण तिची बोटं त्याच्या अंगाला थेट लागत नाहीत, मध्ये कापड आहे. देहाचा भार त्या हातावर आलाय, आणि बोटांच्या वरचं मांस दाबलं जाऊन किंचित फुगलंय. मृत शरीराचं वजन दगडात इतकं खरं मला दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही. डावा हात मात्र मोकळा, तळवा वर.

मेरी एवढी तरुण का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला. निष्कलंक स्त्रीचं तारुण्य टिकतं, असं उत्तर मायकेलअँजेलोनं दिल्याचं त्याचा चरित्रकार कोंदिवी नोंदवतो. मला त्या वयापेक्षा तिच्या छातीवरचा तिरका पट्टा जास्त विचारात पाडतो. त्याच्यावर कोरलंय शिल्पकाराचं नाव. त्यानं सही केलेलं हे एकमेव शिल्प. काम दुसऱ्याच्या नावावर खपतंय हे कानावर आल्यावर त्यानं रात्री येऊन नाव कोरलं, अशी कथा कलावंतांची चरित्रं लिहिणारा व्हासारी सांगतो. मला ते पटत नाही. पट्टा चुण्यांना इतका ओढून बसलाय, की तो मागाहून सुचलेला वाटत नाही.

(दृश्य: काचेआडचं शिल्प)

२१ मे १९७२ रोजी एका माणसानं हातोड्यानं घाव घातले. मेरीचा डावा हात कोपरापासून तुटला. नाक आणि पापणीही फुटली. दुरुस्ती झाली, आणि शिल्प काचेमागे गेलं. व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर्स बॅसिलिकात शिरल्यावर उजवीकडच्या पहिल्याच चॅपलमध्ये ते आहे. काचेमुळे अंतर राहतं, म्हणून जाताना छोटी दुर्बीण सोबत ठेवा आणि आधी ती काखेतली बोटं शोधा.