ज्यांना सूतक नसतं

(नेरूळ येथील ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

आपल्याकडे घरात माणूस गेलं की दहा दिवस सूतक असतं. शेजारची वहिनी पिठलं-भात घेऊन येते, तुम्ही गॅस लावायचा नाही म्हणते. ऑफिसात कळवलं की साहेब रजेबद्दल चकार शब्द काढत नाही. दहाव्याला कावळा शिवायची वाट बघायची, तेराव्याला गोडाचं जेवण करायचं, मग माणूस हळूहळू कामाला लागतो. तुम्ही हे माना, न माना. त्या दिवसांत दुःखाला एक जागा नेमून दिलेली असते. मी आज बोलणार आहे ती माणसं या नेमणुकीत कुठंच बसत नाहीत. शेवटच्या आजारातल्या रुग्णाजवळ दोन-दोन, तीन-तीन महिने बसायचं, त्याचं सगळं ऐकायचं, तो गेल्याचा फोन आला की ‘हो का’ म्हणायचं आणि सकाळी दुसऱ्या घराची बेल वाजवायची, असं त्यांचं काम.

ख्रिस्ती मिशनच्या इस्पितळांत यांना चॅप्लेन म्हणतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात त्यांचा स्वतंत्र विभागच आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत ते पगारी कर्मचारी असतात आणि आता त्यांत कुठलाच धर्म न मानणारेही आहेत. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ना पद, ना पाटी. कुणी निवृत्त शिक्षिका, कुणी कीर्तनकार, कुणी चर्चची सिस्टर (जोगीण), कुणी मौलवी, कुणी समाजसेवा विभागातली नवी मुलगी. औषध ते देत नाहीत. ऐकतात, मागितली तर प्रार्थना म्हणतात, नाही मागितली तर नुसते बसतात.

याची गरज काय, असं अजून काही डॉक्टरसुद्धा विचारतात. सिसिली सॉन्डर्स या बाईंनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांना सांभाळणारं ठिकाण, सुरू केलं. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर, अशा तिन्ही बाजूंनी त्यांनी रुग्ण पाहिले होते. वेदना एकट्या शरीराची नसते. मनाची, घरच्या परिस्थितीची आणि ‘माझ्याच वाट्याला का?’ या प्रश्नाचीही असते, आणि चारही एकमेकींत गुंतलेल्या असतात, असं त्यांचं म्हणणं. मॉर्फिननं एक उतरते, उरलेल्या तिघींना माणूस लागतो. आपल्या देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती अवेदना, १९८६ मध्ये वांद्र्याला निघालं. म्हणजे हे खूळ सातासमुद्रापलीकडचं नाही, हार्बर लाइनवरचंच आहे.

आता एक प्रसंग सांगते, ओळख पटू नये इतका बदलून. कोपरखैरण्यात माथाडींच्या वसाहतीतलं घर. गृहस्थ मूळचे पाटणकडचे, उभा जन्म वाशीच्या मार्केटात पोती उचलण्यात गेलेला. आमच्या गटातल्या ताई दर आठवड्याला त्यांच्याकडे जायच्या. मुलानं पहिल्याच दिवशी जिन्यात गाठून सांगितलं, “बाबांना गाठ आहे एवढंच माहितीये. पुढचं काही बोलू नका.” हे जिन्यातलं वाक्य या कामात घरोघरी ऐकू येतं. कुणाचं काही चुकत नसतं, माया असते म्हणूनच लपवतात. पण लपवलेल्या गोष्टीचं ओझं बाहेरून आलेल्या माणसाच्या डोक्यावर येतं.

एके दिवशी त्यांनी बायकोला चहा टाकायला आत पाठवलं आणि विचारलं, “ताई, गावच्या घराचे पत्रे या उन्हाळ्यात बदलायचे होते. बदलू, का पैसे पोराच्या नावावर टाकू?”

ते काय विचारत होते हे तुम्हाला कळलं. ताईंनाही कळलं. त्या म्हणाल्या, “तुमच्या मनात काय येतंय?” ते म्हणाले, “पत्रे राहूंदे.” मग चहा आला. निघताना मुलगा परत जिन्यात उभा. “काय म्हणत होते बाबा?” ताई म्हणाल्या, “काही नाही, गावाकडचं बोलत होते.” आणि स्टेशनवर येऊन त्यांनी ठाण्याची गाडी पकडली. घरी पोचल्यावर कुकर लावायचा होता.

हे त्यांनी कुणाला सांगायचं? घरी सांगता येत नाही, गोपनीयता आहे. नवरा फार तर म्हणेल, सोड ना मग ते काम. ते गृहस्थ पुढं वारले तेव्हा ताई त्यांच्या कुणीच नव्हत्या, त्यामुळे सांत्वनाला त्यांच्याकडे कोण येणार? असं शोक करायचा हक्कच न मिळालेलं दुःख केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये मांडलं. आपल्याकडच्या किती रुग्णांची उस्तवार करणाऱ्या आया-मावश्यांना ते लागू पडतं, तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे.

असं साचत गेलं की खुणा दिसायला लागतात. रुग्णाचं नाव जाऊन ‘सात नंबर’ येतं. प्रत्येकाला तेच ठरलेलं वाक्य ऐकवलं जातं. एखाद्या घरासमोरून जायचं टाळून माणूस मागच्या गल्लीनं जातो. अशा वेळी आपण काय करतो? ध्यान करा, प्राणायाम करा, चार दिवस गोंदवल्याला जाऊन या. जरूर जावं. पण जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउट, म्हणजे कामानं आतून पार थकून जाणं, घातला तो रोग म्हणून नाही, कामाच्या ठिकाणाशी जोडलेली बाब म्हणून. कामाच्या ठिकाणचा ताण नीट हाताळला गेला नाही की तो होतो. म्हणजे दुरुस्ती कामाच्या मांडणीत हवी. थकलेल्या माणसालाच आणखी एक गृहपाठ देऊन भागणार नाही.

ही मांडणी कशी असते, तर अँटन बॉइसन नावाचे एक पाद्री होते. ते स्वतः मनोरुग्णालयात दाखल राहिलेले. बरे झाल्यावर १९२५ मध्ये अमेरिकेत वुस्टरच्या मनोरुग्णालयात त्यांनी धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना रुग्णांमध्ये आणून शिकवायला सुरुवात केली. त्या परंपरेत पुढं एक साधी पद्धत रुळली. भेट झाली की घरी जाऊन संवाद आठवेल तसा लिहून काढायचा, नाटकासारखा. तो म्हणाला, मी म्हणाले. मग तो छोट्या गटात वाचायचा. उत्तर बरोबर की चूक, हे तिथं तपासत नाहीत. तुमच्या आत त्या वेळी काय चाललं होतं, ते विचारतात.

आमच्या ताईंनी पत्र्यांचा संवाद असाच वाचला. कुणीतरी विचारलं, उठून जावंसं कुठं वाटलं? आम्हाला वाटलं, त्या पत्र्यांच्या प्रश्नाचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, “जिन्यात. म्हाताऱ्याशी मी खोटं बोलले नाही. मुलाशी बोलले, आणि ते टोचतंय.” तोवर आम्ही सगळे बापाचाच विचार करत होतो. मग ठरलं, की पुढच्या खेपेला डॉक्टरांना घेऊन आधी मुलाजवळ बसायचं. तसं बसल्या. मुलगाच पहिल्यांदा रडला.

याला खर्च किती? एक खोली, पाच-सहा माणसं, महिन्यातून दोनदा दोन तास आणि गट चालवायला एक जाणता माणूस. ज्या संस्थेत हे काम चालतं तिच्यातला वरिष्ठ मात्र त्या खोलीत नसावा. तो असला की माणसं शहाणी उत्तरं देतात.

श्रद्धेबद्दलही बोललं पाहिजे. कॅथलिक फादरना कबुलीसाठी दुसरे फादर असतात. पण आमच्या कीर्तनकार बुवांना लहान मुलांच्या वॉर्डातून आल्यावर विठ्ठलाचं नाव तोंडात येईना, तेव्हा ते कुणाला सांगणार? फडावर, म्हणजे आपल्याच वारकरी मंडळींत, सांगितलं तर संपलंच. ते एका सिस्टरांशी बोलले. आपल्या पंथाबाहेरचा एक कान प्रत्येकाला लागतो, आणि संस्थेनं तो शोधून द्यायला हवा.

राहता राहिला पैसा. देवाचं काम म्हटलं की आपण रिक्षाचं भाडंसुद्धा विचारत नाही. केरळात हे काम करणाऱ्या स्वयंसेवकांचं गावोगाव जाळं आहे. तिथल्या सरकारनं २००८ मध्ये पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे गंभीर आजारात वेदना हलकी करणाऱ्या सेवेचं, धोरण आणलं आणि पंचायती त्यात उतरल्या. नर्स पगारी, गाडी ठरलेली, स्वयंसेवक एकटा नाही. आपल्याकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यात एवढ्या कंपन्या आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्यातले दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्या मशीन देतात, रुग्णवाहिका देतात, कारण त्यावर नाव रंगवता येतं. पगारावर नाव रंगवता येत नाही, ही आमची खरी अडचण आहे! तुमच्यातले पुष्कळजण त्याच कंपन्यांतून निवृत्त झालेत, तिथं तुमची अजून ओळख आहे. एका माणसाचा तीन वर्षांचा पगार आणि प्रवासखर्च, एवढीच मागणी घेऊन माझ्याबरोबर कोण येणार, ते चहाच्या वेळी सांगा. आणि ज्यांच्या सोसायटीत महिन्यातून दोनदा हॉल रिकामा असतो, त्यांनीही थांबा.